कैलासपाड्याचा इन्स्पेक्टर

मराठी रहस्यकथेतला जुना गुप्तहेर एकाकी नसे. बाबुराव अर्नाळकरांच्या धनंजयच्या जोडीला छोटू होता. झुंझार किंवा काळापहाड या नावांमागचा माणूस कोण, हेही वाचकाला पक्के ठाऊक असे. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणारे अर्नाळकर स्वतः टोपणनावानेच ओळखले गेले. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. वेश उतरला की खरा चेहरा सापडतो, यावर त्या कथांची भिस्त होती.

पुढे जगभरच्या कादंबरीत ही भिस्त सुटली. पॉल ऑस्टरच्या १९८५ सालच्या ‘सिटी ऑफ ग्लास’मध्ये चुकून आलेल्या फोनमुळे एक रहस्यकथालेखक दुसऱ्याच्या नावाने गुप्तहेर बनतो. तपास तडीस जात नाही आणि शेवटी तोच हरवतो. उत्तर-आधुनिक कादंबरीत गुन्हेगाराआधी गुप्तहेराचीच ओळख संशयाच्या भोवऱ्यात सापडते.

मुंबईत अशा नायकाला जागा मिळाली ती उपनगरांत. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. गिरगावच्या चाळीत कोण कोणाचा कोण, हे साऱ्या मजल्याला माहीत असे. उपनगरातल्या ब्लॉकचे दार बंद झाले की शेजारीही परका. इंग्रज लेखक एच. आर. एफ. कीटिंगचा मुंबईतला इन्स्पेक्टर गणेश घोटे १९६४ मध्ये अवतरला, पण लेखकाने तेव्हा मुंबई पाहिलेलीही नव्हती. नायकाचे नाव आधी घोष ठरले होते. ते बंगाली असल्याचे कळल्यावर घोटे झाले.

उपनगरातला हा एकटा माणूस खऱ्या अर्थाने उभा केला विक्रम चंद्रा यांनी. १९९७ च्या ‘लव्ह अँड लाँगिंग इन बॉम्बे’ या कथासंग्रहातला सरताज सिंग २००६ मध्ये ‘सेक्रेड गेम्स’चा नायक झाला. चाळिशी ओलांडलेला, घटस्फोटित, पोलिसांत नाव कमावलेल्या बापाचा मुलगा. मराठी सहकाऱ्यांमध्ये पगडीमुळे तो दुरूनच ओळखू येतो, पण आपण कोण उरलो आहोत हे त्याचे त्यालाच उमगत नाही.

निनावी फोनवरून तो कैलासपाड्यात पोचतो. हे उपनगर चंद्रांनी कल्पिलेले आहे. तिथल्या चौकोनी, पांढऱ्या इमारतीत गुंड गणेश गायतोंडे कोंडून बसला आहे. दारावर कॅमेरा आणि स्पीकर. त्या स्पीकरवरून गायतोंडे आपली कहाणी सांगू लागतो. सरताज बुलडोझर मागवतो. दार पडते तेव्हा आत गायतोंडे मेलेला असतो आणि शेजारी एका बाईचे प्रेत.

गायतोंडेची कहाणी इथे थांबत नाही. मेलेला गायतोंडे सरताजला उद्देशून पुढची प्रकरणे सांगत राहतो, आणि ती सरताजला कधीच ऐकू येत नाहीत. वाचकाला जे कळते ते तपास करणाऱ्याला कळत नाही. रहस्यकथेची जुनी रीत इथे पुरती उलटते. गुप्तहेराच्या एकाकीपणाचे याहून नेमके रूप सापडणे कठीण. सरताजचा जवळचा आधार म्हणजे कॉन्स्टेबल काटेकर. कादंबरीत पुढे तोही मारला जातो.

या कादंबरीवरून निघालेल्या २०१८ च्या मालिकेत गायतोंडे सरताजला स्वतः फोन करतो आणि पंचवीस दिवसांची मुदत देतो. त्याने उत्कंठा वाढली, पण दोघांमधली भिंत पातळ झाली. पुस्तकातला सरताज अधिक एकटा आहे आणि अधिक खरा.