माती आणि मोडके हात

ज्युबिलीच्या निमित्तानें निघणाऱ्या पुस्तिकेंत इमारती केव्हां उभ्या राहिल्या व त्यांस देणग्या कोणीं दिल्या याची नोंद होत असते, आणि ती होणें योग्यच आहे. परंतु दुबळ्यांच्या सेवेचाहि एक इतिहास असतो. त्यांतील एक प्रकरण मातीशीं निगडित असून भोर व वेल्हें या डोंगरी मुलखांतील वाचकांनीं त्याचा विशेष विचार करावा असें आहे. ज्यांचे हात झडले, पाय लुळे पडले, दृष्टि गेली किंवा बुद्धीची वाढ खुंटली, अशा माणसांस बागेचें व शेतीचें काम देऊन उभें करण्याचा प्रयत्न आपल्या महाराष्ट्रांत कसा झाला, त्यांत काय साधलें आणि काय अडलें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा हेतु आहे.

प्रथम आपल्या मुलखाची स्थिति ध्यानांत घेऊं. राजगड व तोरणा यांच्या छायेंतील वेल्हें आणि रोहिड्याच्या मुलखांतील भोर येथें सपाट जमीन थोडी. उतारावर बांध घालून भाताचीं खाचरें काढलेलीं. वरकस जमिनींत नाचणी व वरई. पावसाळ्यांत धो धो पाऊस, तर चैत्र-वैशाखांत डोंगरावरील वाड्यांना पाण्याची ओढ. वेळवंडी नदीवरील भाटघरचें मोठें धरण १९२७-२८ च्या सुमारास पुरें झालें. पण त्याचें पाणी कालव्यांनीं नीरेच्या खालच्या खोऱ्यांत जातें, आणि वरच्या वाड्यांतील बाई हंडा घेऊन उतार उतरते. पंतसचिवांचें भोर संस्थान १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें, राज्यव्यवस्था पालटली. परंतु भाताची लावणी आजहि गुडघाभर चिखलांत उभें राहूनच करावी लागते. अशा मुलखांत घराची संपत्ति म्हणजे कामाचे हात. ज्याचा हात चालत नाहीं तो माणूस दाण्यावरचीं पांखरें हाकण्यापुरता ओटीवर बसविला जातो. त्याला दोन वेळां भाकरी मिळते. घराच्या मसलतींत मात्र त्याला कोणी विचारीत नाहीं. अन्न मिळूनहि माणूस उपाशी राहतो तो असा.

आतां इतिहासाकडे वळूं. १८९० सालीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांच्या खटपटीनें माटुंग्यास बेघर महारोग्यांसाठीं एक आश्रम निघाला. मराठी वाचकांस या गृहस्थांचें नांव निराळ्या कारणानें परिचित असावयास हवें. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्यानें मराठी पोवाडे गोळा करून छापणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. राजगड-सिंहगडाच्या परिसरांतील वीरांची कीर्ति गाणाऱ्या शाहिरांचे बोल ज्यानें जपले, त्यानेंच रस्त्यावर पडलेल्या रोग्यांस छप्पर दिलें, हा योग मनोरम खरा. या आश्रमाला जोडून शेतजमीन होती. तेथील सांडपाणी टाक्यांत मुरवून त्या जमिनीस देण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि ज्या रोग्यांच्या अंगीं शक्ति होती त्यांनीं शेतांत राबावें अशी योजना होती.

तथापि या योजनेंत एक मोठी उणीव होती. १८९८ सालीं हिंदुस्थान सरकारनें महारोग्यांविषयीं जो कायदा केला, त्यान्वयें भीक मागणाऱ्या निराधार रोग्यास पकडून आश्रमांत कोंडून ठेवण्याचा अधिकार मिळाला. जो माणूस धरून आणला आहे व ज्याला फाटकाबाहेर जाण्याची मोकळीक नाहीं, त्यानें लावलेलें रोप कितीहि टवटवीत असलें तरी तें त्याचें स्वतःचें होत नाहीं. हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावें लागलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच्याहि पूर्वीं, १८७३ सालच्या मे महिन्यांत, बेल्जियमचे फादर डॅमियन हे हवाई बेटांतील मोलोकाई येथें महारोग्यांच्या वसाहतींत राहावयास गेले. त्यांनीं रोग्यांच्या बरोबरीनें घरें बांधलीं, पाणी आणलें, जमीन लागवडीस आणली, आणि शेवटीं तोच रोग अंगावर घेऊन १८८९ सालीं देह ठेविला. २००९ सालीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें, हें आपल्या वाचकांस ठाऊक आहेच. ज्या १८७३ सालीं डॅमियन मोलोकाईस पोंचले, त्याच सालीं नॉर्वेमध्यें डॉक्टर हॅन्सन यांनीं या रोगाचे जंतु शोधून काढिले. हा रोग शापानें होत नसून जंतूंनीं होतो हें शास्त्रानें सांगितलें, आणि रोग्याच्या शेजारीं बसून जेवतां येतें हें डॅमियन यांनीं दाखविलें. पुढील कामास या दोन्ही गोष्टींची गरज होती.

महाराष्ट्रांत या कामाला खरें निराळें वळण मिळालें तें वर्ध्याच्या बाजूस. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठसेवेचें कार्य सुरू केलें. तेथें औषधाइतकेंच महत्त्व श्रमाला होतें. त्यांचें काम पाहून शिकलेल्यांपैकीं वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, हे एक होत. १९४९ सालीं त्यांनीं महारोगी सेवा समिति स्थापिली आणि १९५१ सालीं वरोऱ्याजवळ आनंदवन वसविलें. सरकारनें दिलेली पन्नास एकर जमीन खडकाळ व झुडपांनीं भरलेली होती. साप-विंचवांचा सुळसुळाट होता. बरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि गांठीला चौदा रुपये. विहीर नव्हती, ती रोग्यांच्याच हातांनीं खणली गेली. पाणी लागल्यावर ज्वारी व भाजीपाला पिकूं लागला.

येथवरची हकीकत ऐकून पुष्कळांस असें वाटतें कीं, आतां संकट सरलें. खरें संकट यानंतरच उभें राहिलें. भाजी पिकली, पण ती वरोऱ्याच्या बाजारांत घेईना कोणी! रोग्याच्या हातचें वांगें विकत घेण्यास लोक धजेनात. ज्या लोकांनीं रोग्याच्या कटोऱ्यांत वरून पैसा टाकिला असता, तेच लोक त्याच्या घामाच्या मालास हात लावावयास तयार नव्हते. पुढें कांहीं वर्षांतच निरनिराळ्या देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनांत इमारती बांधावयास आले. ते रोग्यांसमवेत राबूं लागले व त्यांनीं पिकविलेलें अन्न खाऊं लागले. तें डोळ्यांनीं पाहिल्यावर गांवाचें भय हळूहळू ओसरलें आणि भाजी विकली जाऊं लागली. या प्रसंगाचा अर्थ उघड आहे. अपंगास काम देणें हें अर्धेंच कार्य होय; त्याच्या कामाचें फळ विकत घेणारा शेजारी मिळाल्यावांचून तें पूर्ण होत नाहीं.

दुसरी अडचण शरीराची. कुष्ठरोगानें हातापायांची संवेदना जाते. खुरप्याच्या मुठीनें फोड आला, कांटा रुतला किंवा तापलेल्या भांड्यानें चटका बसला, तरी रोग्यास कळत नाहीं. जखम चिघळते आणि बोट जातें. बोटें रोगानें आपोआप गळून पडतात अशी समजूत पूर्वीं होती. वेल्लोर येथें डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं १९४७ नंतर जें संशोधन केलें, त्यावरून असें दिसून आलें कीं, पुष्कळशी हानि या न कळणाऱ्या जखमांनींच होते. म्हणून बागेचें काम द्यावयाचें तर अवजारांच्या मुठी जाड व मऊ हव्यात, पायांत योग्य वहाणा हव्यात, आणि रोज संध्याकाळीं हातपाय धुऊन डोळ्यांनीं तपासण्याचा शिरस्ता हवा. ही दक्षता जेथें नाहीं तेथें दयेनें दिलेलें कामच घातक ठरतें. १९८० नंतरच्या दशकांत बहुविध औषधोपचार सर्वत्र पसरला आणि रोग पूर्ण बरा होऊं लागला; पण गेलेलीं बोटें औषधानें परत येत नाहींत. सबब बऱ्या झालेल्या माणसासहि कामाची व मानाची गरज राहतेच.

आनंदवनांत पुढें अंध, मूक-बधिर व पांगळे यांचीहि सोय झाली, आणि १९६७ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतच सोमनाथ येथें मोठ्या शेतीचा प्रकल्प निघाला. परदेशांतहि हा विचार वाढत होता. १९४० सालीं डॉक्टर कार्ल क्योनिग यांनीं स्कॉटलंडांत कॅम्पहिल येथें मंदबुद्धि मुलांसमवेत एकत्र राहण्याची वसाहत आरंभिली. तींतून निघालेल्या अनेक वसाहतींत शेती व बाग हें नित्याचें काम झालें. १९७८ सालीं इंग्लंडांत ख्रिस अंडरहिल यांनीं केवळ बागकामाच्या द्वारें अपंगांस साह्य करणारी संस्था काढिली. ती आज थ्राइव्ह या नांवानें ओळखली जाते. आपल्या अगदीं शेजारीं, मुळशी तालुक्यांतील कोळवण खोऱ्यांत, साधना व्हिलेज ही संस्था मंदबुद्धि प्रौढांस घरासारखें वास्तव्य देत आहे. म्हणजे हा विचार सह्याद्रीच्या याच रांगेंत येऊन पोंचला आहे.

या साऱ्या इतिहासावरून अशी संस्था चालविणारांस कांहीं गोष्टी स्पष्ट दिसतील. बागेचें उत्पन्न ऋतूवर अवलंबून असतें, पण माणसांची भूक बारमाही असते. म्हणून पहिलीं वर्षें देणगीचा आधार लागतोच, आणि हिशेब चोख ठेवावा लागतो. काम माणसाच्या शक्तीप्रमाणें वांटावें लागतें. ज्याला वांकतां येत नाहीं त्याच्यासाठीं वाफा कमरेइतका उंच बांधावा. अंधास सुगंधी पाल्यावरून रोप ओळखतां येतें व पिशव्यांत माती भरतां येते. ज्याची बुद्धि मंद आहे तो रोज ठराविक वेळीं पाणी घालण्याचें काम इतक्या निष्ठेनें करतो कीं, चांगल्या शहाण्यानें लाजावें. भोर-वेल्ह्याच्या उतारावर पांगळ्याची गाडी चालणार नाहीं; तेथें वाट बांधून काढावी लागेल. पावसाचें पाणी सांठविल्यावांचून उन्हाळ्यांत रोपवाटिका टिकणार नाहीं. भाताच्या चिखलांत जो उभा राहूं शकत नाहीं, त्याला आंबा-फणसाचीं कलमें, भाज्यांचीं रोपें व फुलझाडें हें सावलींत बसून करण्याजोगें काम आहे. शेवटीं, काम करणारास मजुरी मिळालीच पाहिजे, मग ती थोडी कां असेना. मजुरीवांचूनचें काम ही वेठ होय.

कायद्यानेंहि आतां वाट मोकळी केली आहे. अपंगांच्या हक्कांविषयीं २०१६ सालीं जो कायदा झाला, त्यांत एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची गणना असून कुष्ठरोगांतून बरे झालेलेहि त्यांत येतात. परंतु शेजाऱ्याचें मन कायद्यानें बदलत नाहीं. बाबा आमटे २००८ च्या फेब्रुवारींत आनंदवनांतच कैलासवासी झाले. त्यांचें मोठेपण आतां सर्व जग मानतें. पण वरोऱ्याच्या बाजारांत रोग्याच्या हातचें पहिलें वांगें ज्या कोणीं विकत घेतलें असेल, त्याचें नांव कोठेंच लिहिलेलें नाहीं. त्या अनामिक गिऱ्हाइकावांचून आनंदवन उभें राहिलें नसतें.

आपल्या वाडींत, आपल्या धर्मग्रामांत, ओटीवर बसविलेलें असें एखादें माणूस आहे काय, याचा वाचकांनीं विचार करावा. त्याच्या हातीं एक वाफा द्यावा, आणि त्यांत मेथी उगवली म्हणजे त्याच्याकडून ती मोल देऊन घ्यावी. त्या मोलानें त्याला घराच्या मसलतींत पुन्हां बसण्याचा हक्क मिळेल.