परक्या सुरांचे बिऱ्हाड

गुम्मिडिपूंडी हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी ऐकले असण्याचा संभव नाही. चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, आंध्रच्या सीमेजवळ हे गाव आहे. बदलीच्या निमित्ताने मी येथे बिऱ्हाड केले आणि कचेरीतून परतल्यावरची संध्याकाळ खायला उठू लागली, तेव्हा शेजारच्या एका निवृत्त रेल्वे नोकरांकडे गिटार शिकण्यास जाऊ लागलो. वर्षभर नुसती बोटे घोटून झाल्यावर मी एका प्रसिद्ध रचनेचा हट्ट धरला. ती रचना म्हणजे अल्बेनिस या स्पॅनिश रचनाकाराची ‘आस्तुरियास’.

गुरुजी हसून म्हणाले, “ही मुळात गिटारची नव्हेच.” गोष्ट खरी आहे. अल्बेनिसने ती पियानोसाठी लिहिली आणि १८९२ साली ती छापली गेली. मात्र पियानोवर त्याला भास निर्माण करावयाचा होता तो गिटारचाच. पुढे इतरांनी स्वरपट्टी बदलून ती गिटारवर आणली. नावाचीही तीच कथा. आस्तुरियास हा स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रांत. रचनेचा ढंग मात्र दक्षिणेकडील अंदालुसियाचा. अल्बेनिस १९०९ मध्ये वारला आणि १९११ मध्ये एका जर्मन प्रकाशकाने हे नाव तिला चिकटविले. आज जग तिला त्याच नावाने ओळखते.

वाजविण्याची रीत मात्र आपल्याला अगदीच अनोळखी नाही. अंगठा जाड तारांवर चाल चालवितो आणि तिच्या स्वरास्वरामध्ये बोट एकच मोकळी तार छेडीत राहते. सतारीच्या झाल्यात चिकारी वाजते, तसेच काहीसे. माझ्या हातून प्रथम चिकारीच तेवढी वाजे. चाल तिच्याखाली बुडून जाई.

याच सुमारास गावाकडून वडिलांचा फोन आला. “पेटी घरी धूळ खात पडली आहे आणि तू हे कुणाचे काय शिकत बसला आहेस?” त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाच्या आड दुसराही एक प्रश्न आहे, हे मला ठाऊक होते. माझी आठ वर्षांची मुलगी आता मराठी प्रश्नाला अर्धे उत्तर तमिळमध्ये देते. आजोबांना फोनवर ते कळत नाही, आणि ते गप्प होतात. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना या गप्प होण्याचा अर्थ सांगावयास नको.

उत्तर मिळाले ते गुरुजींच्या एका साध्या प्रश्नातून. “तुम्ही मराठी म्हणजे तंजावरचे का?” मी साताऱ्याकडचा, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग सरफोजी महाराज तुम्हांला ठाऊक असतीलच.” इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या मला एवढेच ठाऊक होते की, ते व्यंकोजीराजांच्या गादीवर बसले होते! त्या रात्रीपासून मी वाचू लागलो.

दुसरे सरफोजी १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर होते. त्यांचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढविले आणि त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्यांच्या शेजारी युरोपियन ग्रंथ ठेविले. पाश्चात्त्य वाद्ये आणि पाश्चात्त्य स्वरलिपीतील संगीत हेही त्यांच्या दरबारी नांदले. पण याच राजाने ‘देवेंद्र कुरवंजी’ हे नाटक मराठीत रचले. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्याच्या साच्यात त्यांनी जगाचा भूगोल मराठीतून सांगितला. आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास कोरविला, तोही मराठीतच.

त्याच काळात मद्रासकडे काय चालले होते? माझ्या रोजच्या गाडीच्या वाटेपासून मणली हे ठिकाण फार दूर नाही. तेथील मुदलियारांच्या आश्रयास दीक्षितांचे कुटुंब राहत असे. सेंट जॉर्ज किल्ल्यातील गोऱ्यांचा बँड त्या बंधूंच्या कानी पडला. बाळुस्वामी दीक्षितांनी एका युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीतात आणले. ज्येष्ठ बंधू मुत्तुस्वामी यांनी त्या परक्या चालींवर संस्कृत पदे रचली. ‘नोट्टुस्वर’ म्हणून ओळखली जाणारी अशी सुमारे ४० पदे आहेत. त्यांतील एक तर ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर आहे, त्यात प्रार्थना मात्र राजाची नसून श्यामला देवीची आहे. चाल घेतली, निष्ठा घेतली नाही! याच मुत्तुस्वामींचे शिष्य वडिवेलु व त्यांचे बंधू तंजावरच्या दरबारी होते. वडिवेलूंनी व्हायोलिन पुढे त्रावणकोरास नेले. आज कर्नाटक मैफलीत ते वाद्य परके आहे असे कोणी म्हणणार नाही.

या चित्रास सोनेरी चौकट बसविण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १७९९ च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार कंपनीच्या हाती दिला आणि त्यांच्यापाशी किल्ला व तनखा एवढेच उरले. ग्रंथ आणि वाद्ये यांस मिळालेली सवड राज्य गमावल्यातून आलेली होती. १८५५ मध्ये पुत्र नाही म्हणून कंपनीने ती गादीही खालसा केली. म्हणजे परक्याचे घेतल्याने राज्य वाचले, असे नाही. पण परक्याचे घेतल्याने मराठी बुडाली, असेही नाही. भिंतीवरचा लेख आजही तेथे आहे आणि तंजावरी मराठी बोलणारी घरे तमिळनाडूत अजून आहेत. त्या बोलीत तमिळ मिसळली आहे, हे खरे. तमिळ हरिकथेतही मराठी कीर्तनातील साकी आणि दिंडी जाऊन बसल्या आहेत. देणेघेणे दोन्ही बाजूंनी झाले.

पुढच्या रविवारी मी वडिलांना हे सारे सांगितले. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “ते ठीक. पण बृहदीश्वराचा लेख त्या राजाने कोरविला म्हणून राहिला. पोरीला तू काय शिकविणार आहेस?”

प्रश्न वर्मी लागला. आता रोज जेवणानंतर अर्धा तास मुलगी माझ्यापाशी मराठी वाचते आणि अडलेल्या शब्दाचा तमिळ अर्थ मला सांगते. त्यानंतर मी गिटार घेतो. ‘आस्तुरियास’ अजून पुरते बसलेले नाही. पण चिकारीखालची चाल हल्ली थोडी थोडी ऐकू येऊ लागली आहे.