वॉरिअर

वॉरिअर : ब्रिटिश नौदलाची पहिली समुद्रगामी चिलखती युद्धनौका. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टस्मथ येथील ऐतिहासिक गोदीत ती १९८७ पासून संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. फ्रान्सने १८५८ मध्ये लाकडी सांगाड्यावर लोखंडी पत्रे जडविलेल्या ‘ग्ल्वार’ या नौकेची बांधणी सुरू केली; तिला शह देण्यासाठी वॉरिअर थेम्स नदीकाठी ब्लॅकवॉल येथे बांधण्यात आली. तिचे जलावतरण २९ डिसेंबर १८६० रोजी झाले.

तिचा सांगाडाच लोखंडी असून लांबी सु. १२७ मी. आहे. मध्यभागातील तोफा व यंत्रसामग्री यांच्या संरक्षणार्थ ११४ मिमी. जाडीचे घडीव लोखंडी पत्रे व त्यांमागे सु. ४५७ मिमी. जाडीचे सागवान बसविले होते. बाष्पशक्तीवर तिचा वेग सु. १४ नॉट होता. तथापि शिडे व तीन डोलकाठ्याही होत्या. केवळ शिडांवर प्रवास करताना पंखा पाण्याबाहेर उचलून घेत. सुरुवातीस तिच्यावर ४० तोफा होत्या.

वॉरिअरमुळे लाकडी युद्धनौका कालबाह्य ठरल्या. परंतु नौकाबांधणीतील वेगवान प्रगतीमुळे दशकभरातच तीही मागे पडली. १८७१ मध्ये जलावतरण झालेल्या ‘डिव्हॅस्टेशन’वर शिडे नव्हती व तोफा फिरत्या बुरुजांत होत्या. वॉरिअरने युद्धात एकदाही तोफ डागली नाही. १९०४ पासून ती पाणतीर प्रशिक्षणसंस्थेचा भाग होती. १९२४ मध्ये ती विक्रीस काढली असता गिऱ्हाईक मिळाले नाही. १९२९ पासून वेल्समधील पेंब्रोक डॉक येथे तेल भरण्याचा तरता धक्का म्हणून तिचा वापर झाला. या दुय्यम उपयोगामुळेच ती भंगारात जाण्यापासून वाचली.

१९७९ मध्ये हार्टलपूल येथे तिचा जीर्णोद्धार सुरू झाला. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) या सागवानी नौकेचा जीर्णोद्धारही पुढे तेथेच झाला.

आज तोफांच्या मजल्यावर दोन तोफांमधील जागेत खलाशांची जेवणाची मेजे मांडलेली दिसतात. राहणीची ही पद्धत लाकडी नौकांतूनच आलेली होती. सांगाडा व चिलखत मूळचे आहे. मात्र डोलकाठ्या, एंजिन व बहुतेक तोफा या जीर्णोद्धारकालीन प्रतिकृती होत. नौकेचे ऐतिहासिक मूल्य जोखताना हा भेद ध्यानात घ्यावा लागतो. कारण तांत्रिक क्रांतीचा अस्सल पुरावा सजावटीत नसून त्या लोखंडी सांगाड्यात आहे.