पाच दिवसांचा कोच

शिकागोहून पूर्वेकडे गाडी काढली की दोनेक तासांत इंडियाना राज्यातलं साउथ बेंड लागतं. गाव तसं बेताचंच, पण तिथल्या नोटर डेम युनिव्हर्सिटीचं स्टेडियम म्हणाल तर जवळपास ८० हजार माणसांचं! लायब्ररीच्या भिंतीवर दोन्ही हात उंचावलेल्या येशूचं भलंमोठं चित्र आहे आणि ते स्टेडियममधून दिसतं. टचडाउन झाला की रेफरी असेच हात वर करतो, म्हणून लोक त्याला प्रेमाने 'टचडाउन जीझस' म्हणतात. धर्म आणि फुटबॉल यांची इतकी उघड गळाभेट मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नूट रॉकनी नावाच्या कोचने १९१८ ते १९३० या काळात या कॉलेजला देशभर नाव मिळवून दिलं, आणि तेव्हापासून इथला कोच कोण, हा प्रश्न काही फक्त त्या कॉलेजपुरता राहिलेला नाही.

आता कॉलेज फुटबॉलमध्ये कोच शोधायचा हंगाम म्हणजे डिसेंबर. नियमित सामने संपतात, हरलेल्या कोचला नारळ मिळतो, आणि मग सुरू होतं अगदी आपल्यासारखं स्थळं बघणं. मध्यस्थ, गुपचूप बैठका, 'तिकडून होकार आहे म्हणे' अशा बातम्या. नोटर डेमने २ डिसेंबर २००१ रोजी बॉब डेव्हीला काढलं. पाच हंगाम झाले होते, शेवटच्यात ५ विजय आणि ६ पराभव. आठवड्याभरात स्थळ पक्कं झालं: जॉर्जिया टेकचा जॉर्ज ओ'लिअरी. वय ५५, न्यूयॉर्ककडचा आयरिश कॅथलिक. संघाचं नावच 'फायटिंग आयरिश', तेव्हा गोत्रसुद्धा जुळलं! ९ डिसेंबरला वाजतगाजत घोषणा झाली.

पुढे जे झालं त्यात कोणाचा कट वगैरे नव्हता, बरं का. न्यू हॅम्पशायरमधल्या एका वार्ताहराला 'आपल्या गावच्या कॉलेजात खेळलेला पोरगा नोटर डेमचा कोच झाला' अशी कौतुकाची बातमी करायची होती. ओ'लिअरीच्या परिचयपत्रात लिहिलं होतं की तो युनिव्हर्सिटी ऑफ न्यू हॅम्पशायरकडून तीन वर्षं फुटबॉल खेळला. वार्ताहराने जुन्या खेळाडूंना फोन केले. कोणालाच तो आठवेना. आठवणार कसा? तो तिथे दोनच वर्षं होता आणि एकाही सामन्यात उतरला नव्हता. मग मास्टर्सची डिग्री तपासली. 'एनवाययू-स्टोनी ब्रुक' नावाचं विद्यापीठच अस्तित्वात नाही. दोन वेगळ्या संस्थांची नावं जोडून लिहिलेली. प्रत्यक्षात झाले होते दोन कोर्स. १३ डिसेंबरच्या रात्री राजीनामा. पाच दिवस!

ओ'लिअरीने आपल्या निवेदनात कबुली दिली ती अशी की, तरुणपणी, बायकापोरांचा संसार असताना, नोकरीसाठी रेझ्युमे लिहिला त्यात या गोष्टी घातल्या आणि नंतर त्या कधी काढल्याच नाहीत.

त्या आठवड्यात ऑफिसात सगळे त्याला हसत होते. मी हसत नव्हतो. वायटूकेच्या लाटेत इथे आलेल्या आमच्यापैकी बऱ्याच जणांना हे कोडं घरचंच आहे. ज्या कन्सल्टिंग कंपनीने मला आणलं, तिने माझा दोन वर्षांचा अनुभव एका रात्रीत साडेचार वर्षांचा केला होता. मी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. पुढे नोकरी बदलली, ग्रीनकार्डाची फाइल गेली, पण ती ओळ माझ्या रेझ्युमेत तशीच. डिसेंबर २००१ मध्ये एका रात्री संगणकावर बसून मी ती खोडली. बायकोने विचारलं, काय करतोयस? म्हटलं, जुनं काढून टाकतोय.

असो. नोटर डेमने दुसरं स्थळ आणलं स्टॅनफर्डहून: टायरोन विलिंगहॅम. २००२ च्या पहिल्या दिवशी तो लोकांसमोर आला. त्या विद्यापीठात कुठल्याही खेळाला लाभलेला हा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. शांत, मोजकं बोलणारा. पहिल्या हंगामात सलग ८ सामने जिंकले, शेवटी १० विजय, ३ पराभव. पुढचं वर्ष वाईट गेलं (५-७), तिसरं मध्यम (६-५), आणि ३० नोव्हेंबर २००४ रोजी त्याला काढलं. अॅथलेटिक डायरेक्टर केव्हिन व्हाइट यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की रविवार ते शुक्रवार सगळं उत्तम होतं, मुलं अभ्यासही करत होती, पण शनिवारी जमलं नाही. सामने शनिवारी असतात!

याआधीच्या जेरी फॉस्टला रडतखडत का होईना पाच हंगाम मिळाले, डेव्हीलाही पाच. विलिंगहॅमला तीन. यावर तेव्हा खूप वाद झाला, आणि मला विचाराल तर तो रास्त होता.

घाई कशाची होती? युटाचा अर्बन मायर. पूर्वी इथेच असिस्टंट होता, नोटर डेम म्हणजे त्याचं स्वप्न, असं सगळे धरून चालले होते. विद्यापीठाची माणसं विमानाने सॉल्ट लेक सिटीला गेली. मायर फ्लोरिडाला गेला. तिथे त्याने २००६ आणि २००८ अशी दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली.

मग आला चार्ली वाइस, नोटर डेमचाच माजी विद्यार्थी. आणि खरी गंमत इथे आहे: वाइस कॉलेजात कधी फुटबॉल खेळलाच नव्हता, आणि तसं त्याने कधी म्हटलंही नाही. म्हणजे ज्या थापेपायी ओ'लिअरीने ही नोकरी घालवली, ती गोष्ट या नोकरीला लागतच नव्हती! पहिल्याच हंगामाच्या मध्यावर वाइसचा करार १० वर्षांनी वाढवला. २००९ अखेर तोही गेला, ३५ विजय आणि २७ पराभवांनिशी. विलिंगहॅमचे होते २१ आणि १५. टक्केवारी काढून बघा. वाइसचा निरोप मात्र विद्यापीठाला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर्सना पडला.

ओ'लिअरीला २००४ च्या हंगामासाठी सेंट्रल फ्लोरिडाने संधी दिली. पहिल्या वर्षी ११ पैकी ११ हरला, तरी त्यांनी ठेवला. १ जानेवारी २०१४ रोजी त्याच्या पोरांनी फिएस्टा बोल जिंकला.

आणि नोटर डेम? नोव्हेंबर २०२१ च्या अखेरीस ब्रायन केली अचानक एलएसयूला निघून गेला, तेव्हा त्यांनी बाहेर फार शोधलंच नाही. हाताखालच्या मार्कस फ्रीमनला बढती दिली. वडील कृष्णवर्णीय, आई कोरियन. तिसऱ्या हंगामात तो संघाला थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यात घेऊन गेला. २० जानेवारी २०२५, गाव अॅटलांटा, जिथून एकेकाळी ओ'लिअरीला आणलं होतं. समोर ओहायो स्टेट, फ्रीमनचं स्वतःचं कॉलेज. नोटर डेम ३४-२३ असं हरलं. फ्रीमनचा करार महिनाभर आधीच वाढवून झाला होता.