उन्हाची झडप

वरठीहून नागपूरला निघालो होतो. मावळतीचा सूर्य अगदी समोर. गाडी खड्ड्यात आदळली आणि सैल झालेला सन व्हायझर डोळ्यांपुढे कोसळला. पुढचा सायकलस्वार क्षणभर दिसेनासा झाला, थोडक्यात वाचला.

सुरुवातीच्या मोटारींत ही झडप काचेबाहेर, टोपीच्या कडेसारखी असे. पुढे ती आत आली. ऊन अडवताना वाट अडू नये, हा पेच तेव्हापासूनचा. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार यावा असे ठरवले. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मवरही बंदी घातली. झडपेचा सैल स्क्रू मात्र आपणच पाहायचा. मी तो पाहिला, पण त्या संध्याकाळनंतर.