दिवाणखान्यातली भुते

घरबसल्या भय चाखण्याची मराठी रीत पोथीपासून सुरू होते. मालू कवीचा 'नवनाथ भक्तिसार' शके 1741 मध्ये, म्हणजे 1819 साली पूर्ण झाला. त्याचे अध्याय 40. श्रावणात घरोघर त्याचे पारायण होते, आणि नगर जिल्ह्यात तर नाथपंथ अंगणातलाच, कारण कानिफनाथांची मढी पाथर्डी तालुक्यात आहे. ग्रंथ भक्तीचा असला तरी त्यात वेताळ आहे, भैरव आहेत, मंत्राने उठणाऱ्या शक्ती आहेत. गोपीचंद राजाने जालिंदरनाथांना खड्ड्यात घालून वर घोड्याची लीद लोटल्याची कथाही त्यातलीच. देवघरासमोर मांडी घालून ती ऐकणाऱ्या पोराला पुण्य किती मिळत असेल ते असो, रात्री अंगणात एकट्याने जायची हिंमत मात्र राहत नसे. छापील पुस्तकांच्या पहिल्या पिढीतही वेताळ होताच. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' 1830 सालची. प्रेताला खांद्यावर घेऊन चालणारा राजा मराठी वाचकाला कादंबरी हा प्रकार ठाऊक होण्याआधी भेटला होता.

पोथीच्या जोडीला तोंडी गोष्टी होत्या, आणि त्यांचे बळ पत्त्यात होते. कोकणात देवचार आणि गिऱ्हा, देशावर मुंजा, हडळ, चकवा, खवीस. प्रत्येकाचे ठिकाण ठरलेले. मुंजा अमुक पिंपळावर, हडळ तमुक विहिरीत, चकवा दोन गावांमधल्या माळावर. माणूस त्याच वाटेने रोज जात असल्यामुळे गोष्ट ऐकताना खरी वाटे. त्यामुळेच वस्ती बदलली की भुतांची पंचाईत होते. विहीर बुजली की तिच्यातल्या हडळीचाही पत्ता गहाळ होतो.

सावेडीत हे बदल एकामागून एक होत गेले. नगर शहराच्या उत्तरेला, मनमाड रस्त्याच्या बाजूचे हे मूळचे गाव. शहर वाढत गेले तसे शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले आणि पुढे अपार्टमेंट उभी राहिली. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाईपलाईन रोड ही नावेच सांगतात की इथला रहिवासी बहुतांशी नोकरदार, शिक्षक, व्यावसायिक. पलीकडे नागापूरची औद्योगिक वसाहत. भिस्तबागेचा जुना महाल सोडला तर भुताला राहण्याजोगी पडकी वास्तू आसपास फारशी उरली नाही. आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या या शहराच्या जुन्या भागात वाडे होते, माडीवरचे अंधार होते. सावेडीच्या नव्या घरात ट्यूबलाइट होती. अशा घरात भूत यायचे तर ते पुस्तकातून आणि पडद्यातूनच येणार होते.

पुस्तकातून ते आले तेव्हा त्याची वाट वाचनालयातून गेली. अहमदनगर जिल्हा वाचनालय 1838 सालचे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पण भयकथेचा खरा मुक्काम अशा प्रतिष्ठित कपाटांपेक्षा गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांत असे. महिन्याची वर्गणी भरायची, एक पुस्तक आणि एक मासिक घरी न्यायचे, खाकी पुठ्ठ्यात बांधलेले, कडा मळलेले, शेवटचे पान गेलेले. रहस्यकथेचा शेवट गहाळ असणे हे त्या काळच्या वाचकाचे कायमचे दुखणे. बाबूराव अर्नाळकरांनी या वाचकाला रात्री जागायची सवय लावली, तर अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकाने अद्‍भुताला आणि भयाला हक्काची जागा दिली.

पुढे दोन नावे या प्रांताची मालक झाली. नारायण धारप (1925–2008) यांनी शंभरहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा 'समर्थ' अशुभाशी झुंजणारा. भूत ही त्याच्या लेखी एक अपशक्ती होती, तिचे नियम होते आणि नियम ओळखले की ती हटत असे. परदेशी कथाबीज मराठी घरात रुजवण्याची धारपांची हातोटी विलक्षण होती. स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून त्यांनी 'लुचाई' लिहिली, 'इट'वरून 'शपथ'. मुळाचा उल्लेख आजच्या काटेकोरपणे झाला नाही ही तक्रार रास्त आहे. पण अमेरिकन खेड्यातला रक्तपिपासू मराठी गावात आणून बसवणे आणि तो तिथलाच वाटणे, हे नुसत्या भाषांतराने साधत नाही.

रत्नाकर मतकरी (1938–2020) यांचा मार्ग वेगळा. त्यांच्या लेखनाला 'गूढकथा' हे नाव चिकटले आणि ते योग्यच होते, कारण 'खेकडा' किंवा 'ऐक टोले पडताहेत' या संग्रहांतले भय बाहेरून येत नाही. ते माणसाच्या हावेतून, मत्सरातून, एकटेपणातून उगवते, आणि त्याची जागा बहुधा मध्यमवर्गीय घरच असते. धारपांचे पुस्तक मिटल्यावर दाराची कडी तपासावीशी वाटते. मतकरींची कथा संपल्यावर जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या माणसाकडे जरा निरखून पाहावेसे वाटते. सावेडीसारख्या वाडे नसलेल्या वस्तीला दुसऱ्या प्रकारचे भय अधिक सोयीचे होते, त्याला पिंपळ लागत नाही. त्याच मतकरींनी मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या' लिहून चेटकिणीला हसण्यावारी नेले, हेही त्यांच्या खात्यावर मांडले पाहिजे.

पडद्यावरचे भय आधी घराबाहेर होते. रामसे बंधूंचे 'दो गज जमीन के नीचे' (1972), 'पुराना मंदिर' (1984), 'वीराना' (1988) हे चित्रपट महानगरांतल्या समीक्षकांनी झिडकारले आणि लहान शहरांतल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. नगरमध्ये त्या काळी सिनेमा म्हणजे गावातल्या आशा टॉकीजसारखी एकपडदा थिएटरे. केवळ प्रौढांसाठी असलेला असा सिनेमा घरातल्या बायकामुलांना घेऊन पाहण्याची पद्धत नव्हती. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने मिळू लागला तेव्हा हे बंधन सैल झाले. एका रात्रीचे भाडे, तीन कॅसेटी, शेजारपाजारच्यांची वर्गणी. भाडे वसूल करायचे म्हणून पहाटेपर्यंत जागायचे, आणि भुताची कॅसेट सगळ्यांत शेवटी लावायची.

1993 मध्ये 'झी हॉरर शो' आणि 1995 मध्ये सोनीवर 'आहट' आल्यावर कॅसेट आणायचीही गरज उरली नाही. तात्या विंचूचा 'झपाटलेला'ही 1993 चाच. अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'चे बीज घेऊन महेश कोठारेंनी भय आणि विनोद असे मिसळले की मुले घाबरत आणि हसत एकाच वेळी. पुढे भारनियमनाच्या वर्षांत वीजमंडळाने या करमणुकीला नकळत हातभार लावला. मालिका ऐन रंगात असताना दिवे जात आणि उरलेला भाग घरच्यांना स्वतःच रचावा लागे. 2016 मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरीचे, बोली मालवणी, तरीही अण्णा नाईक आणि पुढे शेवंता ही त्यातली पात्रे देशावरच्या दिवाणखान्यातही घरचीच झाली. त्याआधी, 2013 साली, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा गुन्हा ठरला. भुताला भिणे आणि भुताची मजा घेणे यांतली रेषा समाजात एवढी स्पष्ट पूर्वी नव्हती.

कोविडच्या साथीमुळे 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. आधी 21 दिवस म्हटले होते, ते वाढत गेले. चित्रपटगृहे बंद, वाचनालये बंद, पुस्तकांची दुकाने बंद. मे महिन्यात संध्याकाळी 7 ते सकाळी 7 घराबाहेर पडण्यास मनाई होती, म्हणजे भुतांची मानली गेलेली वेळ अख्खी घरातच काढायची. चित्रीकरणे थांबल्यामुळे 'रात्रीस खेळ चाले'चे दुसरे पर्व जुलैपर्यंत अडकून पडले. तिसरे पर्व मार्च 2021 मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत पुन्हा मधेच थांबले. जुने पुस्तक कपाटातून निघाले. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या मोबाईलवर धारपांच्या पीडीएफ येऊन पडल्या, बहुधा बेकायदा. लेखक-प्रकाशकांचे त्यात नुकसान झाले हे लपवण्यात अर्थ नाही. भारतात 2017 पासून मराठीतही उपलब्ध असलेल्या स्टोरीटेलसारख्या ॲपमुळे ऐकण्याची जुनी सवय हेडफोनमधून परत आली. ओटीटीवर 'तुंबाड' आधीपासून होता. 'बेताल' आणि 'बुलबुल' नेटफ्लिक्सवर मे-जून 2020 मध्ये आले. ब्रिटनमध्ये तर 'होस्ट' हा भयपट झूमच्या बैठकीवरच बेतून तयार झाला.

फरक होता तो पाहण्याच्या पद्धतीत. व्हीसीआरच्या रात्री सगळी गल्ली एका खोलीत बसे. आता एकाच फ्लॅटमध्ये वडील बातम्या पाहत होते, मुलगी कानात हेडफोन घालून भयपट पाहत होती, आजी पोथी वाचत होती. भय वाटून घेण्याची सोय गेली होती, आणि वाटून न घेतलेले भय जास्त टोचते.

17 मे 2020 रोजी रात्री रत्नाकर मतकरी कोविडने मुंबईत गेले. ज्यांनी अर्धशतक मराठी घरांना सुरक्षितपणे घाबरवले त्यांना त्याच साथीने नेले आणि निरोपालाही लोक जमू शकले नाहीत.

मृत्यूच्या बातम्या चालू असताना माणसे मुद्दाम भीतिदायक का पाहतात, याचा अभ्यासही त्याच काळात झाला. कोल्टन स्क्रिव्हनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत सुमारे 300 जणांची पाहणी केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भयपटांचे चाहते साथीच्या काळात तुलनेने कमी मानसिक त्रासात होते. एवढ्या लहान नमुन्यावरून फार मोठे अनुमान काढू नये, पण तर्क पटण्यासारखा आहे. कल्पित भयाला शेवट असतो आणि ते बंद करण्याचे बटण आपल्या हातात असते. विषाणूला दोन्ही नव्हते. एप्रिल 2021 मध्ये नगरच्या नालेगाव अमरधामात अंत्यसंस्कारांना जागा पुरेनाशी झाली, तेव्हा मात्र अनेक घरांतून भयकथेचे बटण बंदच राहिले असणार. घरातच कुणी गेलेले असताना गोष्टीतले प्रेत मनोरंजन करत नाही.

राज्यातली वाचनालये ऑक्टोबर 2020 मध्ये आणि चित्रपटगृहे त्यानंतरच्या महिन्यात उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि चित्रपटगृहांचे पडदे 22 ऑक्टोबर 2021 रोजी परत उजळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'लपाछपी' या मराठी भयपटाची हिंदी आवृत्ती 'छोरी' आली, तीही थेट ओटीटीवर, थिएटरला वळसा घालून. उलट प्रवास 'तुंबाड'ने केला. धारपांच्या 'आजी' या कथेचा, आणि तिच्याआडून पुन्हा स्टीफन किंगचाच, वारसा सांगणारा राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट 2018 मध्ये थिएटरांत बेताचाच चालला होता. मधल्या वर्षांत तो घरोघर पाहिला गेला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला.