रमणा आणि गायरान

गेल्या पौषात आमच्या महाविद्यालयात एका बागायतदारांचे व्याख्यान झाले. आपल्या जमिनीपैकी 30 एकर माळ त्यांनी नांगर न लावता राखला आहे. तिथे काळवीट चरतात, म्हणून त्यांचा सत्कार होता. (कोरडवाहू जमिनीची कमाल मर्यादा 54 एकर. त्यातले 30 मोकळे सोडता येणे हेही एक वैभवच!) माणूस सज्जन वाटला. मीही टाळ्या वाजवल्या.

पण जनावरांसाठी जमीन राखणे आमच्या मराठवाड्याला नवे नाही. निजामी राजवटीत शिकारीचे रमणे राखीव असत. हैदराबादचे वनस्थळी हे हरणांचे उद्यान अशाच रानातून झाले. राखायचे कशासाठी? तर मारण्यासाठी! माझे आजोबा सांगत, त्यांच्या बापाला जहागिरदाराच्या शिकारीत हाक्याला जावे लागे. डबे बडवत रान उठवायचे, जनावर बंदुकीपुढे आणायचे. मजुरी नाही, कारण ती वेठ. ज्यांना त्या रानाची वाट न् वाट ठाऊक होती, त्यांना तिथली काटकी उचलण्याचा हक्क नव्हता.

1949 मध्ये जहागिरी गेल्या. जहागिरदारांना भरपाई मिळाली. निजामाला सर्फेखास मुलखापोटी वर्षाला 25 लाख रुपये ठरले. हाकाऱ्यांच्या पदरी काय पडले? म्हणून तर 1953 मध्ये बाबासाहेबांच्या प्रेरणेने मराठवाड्यातल्या भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केला. पुढे 1959 मध्ये आणि 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी तो लढा पेटवला. 1964 मध्ये आजोबा तुरुंगात गेले. परत येऊन त्यांनी गायरानातले दोन एकर दगड वेचून वहितीखाली आणले. अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे शासन निर्णय 1978 आणि 1991 मध्ये निघाले. आमचे दोन एकर मात्र अजून सातबाऱ्यावर नाहीत.

1979 मध्ये माळढोकासाठी सोलापूर-नगरकडे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात खासगी शेते अडकली. मालकांनी ओरड केली आणि अखेर ते सुमारे बाराशेवर आणले गेले. त्यांत लहान शेतकरीही होते, तेव्हा झाले ते योग्यच. 2002 च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय झाली. एखादी व्यक्ती किंवा समाज स्वतःहून पुढे आला, तर त्यांच्या जमिनीवर असे क्षेत्र जाहीर होते. पण पुढे येण्यासाठी आधी जमीन नावावर लागते! मालकाने माळ मोकळा सोडला की तो संरक्षक आणि आम्ही गायरान कसले की अतिक्रमक, हा हिशोब कोणत्या शास्त्रात बसतो?

व्याख्यानानंतर मी त्यांना म्हणालो, "साहेब, तुमची हरणे रात्री आमच्या जोंधळ्यात येतात. पंचनाम्याला सातबारा मागतात, तो आमच्याजवळ नाही."

ते म्हणाले, "तो महसूल खात्याचा प्रश्न आहे, सर."

माझे वडील अजून रात्री डबा घेऊन राखणीला जातात.